आधी आकडा लिहा, मग मोजा

ऑगस्टमधला साधा मंगळवार होता. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं. आमच्या कॉलेजच्या आवारात जांभळाची दोन झाडं आहेत, एक उघड्यावर आणि एक इमारतीच्या सावलीत. दोन्ही झाडांची वीस-वीस पानं टेबलावर मांडून मुलं फूटपट्टीनं त्यांची लांबी मोजत होती. सावलीतल्या झाडाची पानं जास्त लांब असतात का, एवढाच प्रश्न होता.

हिराजीभाऊ आले नव्हते. हिराजीभाऊ म्हणजे आमच्या संख्याशास्त्र विभागाचे शिपाई. कागदोपत्री ‘प्रयोगशाळा परिचर’. कडावहून सायकलवर यायचे, पुढे स्कूटीवर यायला लागले. बावीस वर्षांत न कळवता त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नव्हतं. म्हणून मी दोनदा दाराकडे पाहिलं. मग त्यांच्या मुलाचा, नितीनचा, फोन आला.

“म्याडम, बाबा गेले. सकाळी शेतावर गेलते. बांधावर बसले, ते उठलेच नाय.”

तास संपायला पंचवीस मिनिटं होती. तेव्हाच्या तेव्हा तास का थांबवला नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, देठ धरायचा की सोडायचा?” हा प्रश्न दर वर्षी येतो आणि त्याचं उत्तर दर वर्षी हिराजीभाऊ देतात.

“देठ सोडून,” मी म्हणाले. मुलांना सरासरी काढायला लावली, वह्या गोळा केल्या आणि खाली येऊन कडावची रिक्षा धरली.

* * *

स्टाफरूममध्ये किस्से कसे जमतात, हे मी बरीच वर्षं पाहते आहे. एकानं सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो. तिसरा पहिल्याचाच किस्सा थोडा वाढवून सांगतो. माणूस गेला की त्यांना पूर येतो.

हिराजीभाऊंच्या शोकसभेत एका सरांनी सांगितलं की त्यांनी लॅबमध्ये शिरलेला साप फूटपट्टीनं मोजला आणि मगच बाहेर सोडला. सभेत तो साप तीन फुटांचा होता. नंतर चहाच्या वेळी पाच फुटांचा झाला.

हिराजीभाऊ तिथे असते तर त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला असता, “सायेब, तुमी सोता पाहिलंत का ऐकलंत?”

म्हणून मी इथे फक्त स्वतः पाहिलेलं सांगते आहे. आणि त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण बाकीचं सगळं मला तिच्याच उजेडात आठवतं. हिराजीभाऊंचं कडावला अर्धा एकर भातशेत आहे, नदीकडच्या अंगाला. नितीनला ते विकायचं होतं. हिराजीभाऊंचं म्हणणं, त्या जागेचा तांदूळ वेगळा लागतो. शेवटी बापलेकांत असं ठरलं की हे म्हणणं आमच्या लॅबच्या रीतीनं तपासायचं. वेगळा ठरला तर शेत राहील, नाही ठरला तर हिराजीभाऊ सही करतील. ती चाचणी घ्यायची जबाबदारी माझी होती.

* * *

मी कॉलेजात नवी लागले तेव्हा फळ्यावर आकडे लिहून शिकवायची. दोन गटांची उंची, दोन खतांचं उत्पन्न. मुलं उतरवून घ्यायची, सूत्रात घालायची, उत्तर काढायची. उत्तर बरोबर आलं की मी खूश.

एक दिवस तास संपल्यावर हिराजीभाऊ फळा पुसायला आले. डस्टर हातात घेऊन बराच वेळ वाचत उभे राहिले.

“म्याडम, ह्ये आकडं कोनाचे?”

“पुस्तकातले.”

“पुस्तकातले झाले. पन मोजले कोनी?”

त्यांनी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक शिंप्याचा टेप, दोन फूटपट्ट्या आणि दुकानातला जुना तराजू ठेवलेला होता. तराजू कुठून आणला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी पाच मुलांनी एकाच मुलाची वीत मोजली आणि पाच वेगळे आकडे आले. मुलं भांडायला लागली. हिराजीभाऊ दारातून म्हणाले, “एका हाताची वीत जमंना, आनि दोन गावांचा फरक काडायला निघाले.”

त्या दिवसापासून आमच्या विभागात कोणीही न मोजलेला आकडा फळ्यावर लिहिला गेला नाही.

* * *

एका वर्षी मुलांनी ठरवलं, कर्जतकडची मुलं आणि खालापूरकडची मुलं, कोणाचे हात लांब? दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजायचं. दोन गट, दोन टेप, प्रत्येकी पंचवीस मुलं.

सुरुवात नेहमीप्रमाणे ‘काहीच फरक नाही’ असं धरून केली. आमच्या विषयात सगळं तिथूनच सुरू होतं. फरक नाही असं आधी धरायचं, आणि पुराव्यानं ते खोडायला भाग पाडलं तरच खोडायचं. त्याला शून्य परिकल्पना म्हणतात. मुलं आणि हिराजीभाऊ त्याला ‘एच-नॉट’ म्हणायचे.

त्या दिवशी एच-नॉट साफ खोडला गेला. खालापूरवाले जवळजवळ तीन सेंटिमीटरनं लांब निघाले. वर्गात नुसता दंगा. खालापूरची मुलं हात पसरून बाकांमधून फिरायला लागली. कोणी म्हणालं डोंगर चढून, कोणी म्हणालं कबड्डी खेळून. मीही गणित दोनदा तपासलं आणि कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहायचं मनात पक्कं केलं.

हिराजीभाऊंनी टेबलावरचे दोन्ही टेप उचलले. एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लावलं, दोन्ही ताणून धरले आणि मला जवळ बोलावलं. कर्जतच्या गटाकडे शिंप्याचा तो जुना टेप होता. वापरून वापरून ताणला गेला होता. त्याचे दीडशे सेंटिमीटर नव्या टेपवर एकशे त्रेपन्नपाशी संपत होते. म्हणजे त्या टेपानं मोजलेला प्रत्येक हात कमी भरत होता.

“फरक पोरांत नाय,” ते म्हणाले. “टेपात हाय.”

खालापूरच्या मुलांनी हात खाली घेतले. मागून कोणीतरी विचारलं, “मग आता काय करायचं, भाऊ?”

“आता काय? एकच टेप घ्या न् परत मोजा. हात काय तुमी घरी ठिऊन आलाव?”

* * *

माधुरी पहिल्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीवरून यायची. पहिल्या तासाला ती नेहमी उशिरा, म्हणून हजेरी कमी, म्हणून परीक्षेचा फॉर्म अडलेला. तिचं म्हणणं एकच होतं, बस उशिरा येते.

वर्गानं हे म्हणणं तपासायला घेतलं. बस सरासरी पंधरा मिनिटांहून जास्त उशिरा येते का? हिराजीभाऊ घड्याळ लावून वीस दिवस गेटवर उभे राहिले. सरासरी आली अकरा मिनिटं.

वर्गात सागर नावाचा एक चलाख मुलगा होता. तो म्हणाला, “भाऊ, आपण पंधराच्या जागी दहा लिहू ना. आपलाच तर कागद आहे. माधुरीचं काम होईल.”

हिराजीभाऊंना मी रागावलेलं क्वचितच पाहिलं. त्या दिवशी पाहिलं.

“कबड्डी खेळतोस ना रं? पकड झाल्यावर रेघ सरकवतोस काय?”

सागरनं वही मिटली. पण ते त्यांच्या मनात राहिलं असावं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, आपल्या प्रॅक्टिकलच्या कागदावर वरती एक ओळ वाढवा. किती आलं तर मान्य करायचं, तो आकडा मोजायला हात लावायच्या आधी लिहायचा. खाली वेळ घालायची. आणि त्यावर त्यांची सही. ती सही असल्याशिवाय ते कपाटातून फूटपट्टी काढून द्यायचे नाहीत. मुलं वैतागायची, “भाऊ, द्या ना, नंतर लिहितो.” ते किल्ली खिशात घालून बसून राहायचे. पुढे पुढे आमच्याकडची मुलं दुसऱ्या कॉलेजात गेली की तिथेही विचारायची, आकडा कुठे लिहायचा?

माधुरीचं सांगायचं राहिलंच. प्राचार्यांनी अकरा मिनिटं ऐकली आणि म्हणाले, “म्हणजे मुलगी खोटं बोलते.”

“खोटं नाय सायेब,” हिराजीभाऊ म्हणाले. “तिला वाटलं, बसचीच गोष्ट तुमाला पटंल. ती वाडीवरून रस्त्यापर्यंत किती चालते, ते कोनी मोजलंच नाय.”

रविवारी ते स्वतः वाडीवर गेले आणि घड्याळ लावून उतरले. एक तास दहा मिनिटं. सोमवारी कागदावर तेवढी एकच ओळ लिहून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. प्राचार्य हुशार होते. ते म्हणाले, “हिराजी, एकदाच मोजलंत? एका मोजमापावर विश्वास ठेवायचा का?”

“दुसऱ्यांदा तुमी चला, सायेब. मी घड्याळ धरतो.”

आमच्या वर्गाचा पहिला तास पुढच्या आठवड्यापासून दुपारी गेला.

* * *

तीच माधुरी तिसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बसली. मुंबईहून आलेले परीक्षक कडक होते. त्यांनी तिचा प्रॅक्टिकलचा कागद पाहून विचारलं, “इथे फरक आढळला नाही. म्हणजे फरक नाही हे तू सिद्ध केलंस?”

“नाही सर.”

“मग काय केलंस?”

“पुरावा कमी पडला म्हणून एच-नॉटला सोडून दिलं. निर्दोष म्हटलं नाही.”

परीक्षकांनी चष्मा काढला. बऱ्याच एम.एस्सी. झालेल्यांनाही हे नीट सांगता येत नाही, असं ते म्हणाले. मग विचारलं, “हे असं कोणी शिकवलं तुला?”

माझी मान ताठ झाली होती, हे कबूल करते. माधुरीनं पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हिराजीभाऊंकडे बोट दाखवलं.

परीक्षकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. “तुमचं शिक्षण किती?”

“दहावी नापास,” हिराजीभाऊ म्हणाले. “पन तिथंबी पुरावाच कमी पडला, सायेब.”

* * *

नितीन खालापूरच्या बाजूला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो शिफ्ट संपवून हेल्मेट हातात घेऊन थेट लॅबमध्ये आला. वडील समोर बसलेले असताना माझ्याशी बोलायला लागला.

“म्याडम, तुमीच सांगा बाबांना. शेताच्या तिन्ही बाजूंनी फार्महाउसच्या भिंती झाल्या. पानी तुंबतं. लावणीला मानूस मिळत नाय. ह्यांचं वय झालं. मी रात्रपाळी करून सकाळी चिखल करायला उतरू काय? नेरळला घर घेतलं तर पोरीची शाळा जवळ होईल.”

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी हिराजीभाऊंकडे पाहिलं.

“त्या जागेचा तांदूळ येगळा हाय,” ते म्हणाले.

“बाबा, तांदूळ तांदूळ असतो. काय फरक नसतो.”

हिराजीभाऊ माझ्याकडे वळले. “ऐकलंत म्याडम? ह्यो आमचा एच-नॉट. लहानाचा मोठा मीच केला.”

नितीनसुद्धा हसला. त्या हसण्यातच चाचणीचं ठरलं. हिराजीभाऊंना त्यांच्या डोळ्यांआड शिजवलेला, कोणता कुठला हे माहीत नसलेला भात चाखायला द्यायचा. त्यांनी आपल्या शेताचा ओळखायचा. नितीननं हातावर हात मारला. “ओळखलात तर मी परत विषय काढनार नाय, बाबा. तुमी हाय तोवर शेत तुमचं.”

पहिल्या वर्षी चाचणी माझ्यामुळे राहिली. हिराजीभाऊंनी आपल्या शेताचा तांदूळ आणला आणि दुकानातून दुसरा. मी म्हटलं, हा वाण वेगळा, गिरण वेगळी, कदाचित वर्षही वेगळं. ओळखलात तरी काय ओळखलंत ते कळणार नाही. त्यांनाच ते जास्त पटलं. म्हणाले, “टेपात फरक नको.” मग पुढच्या हंगामात त्यांनी रस्त्यापलीकडे राहणाऱ्या चुलतभावाला आपलंच बियाणं दिलं. दोन्ही शेतांवर एकाच आठवड्यात लावणी झाली, दोन्हींचं भात एकाच दिवशी एकाच गिरणीत कांडून घेतलं. इतकी तयारी मी विद्यापीठातल्या प्रयोगांतही फार पाहिलेली नाही.

मधल्या काळात एकदा त्यांनी मला वर्गात चिंचोक्यांचा खेळ करून दाखवला. अर्धा करून एका बाजूनं पांढरा केलेला चिंचोका. चाळीस मुलं, प्रत्येकानं पाच वेळा टाकायचा. एका मुलाला पाचही वेळा पांढरी बाजू आली. सगळे ओरडले.

“ह्याच्या हातात जादू हाय काय?” हिराजीभाऊंनी विचारलं.

“नाही,” मुलं म्हणाली. “चाळीस जणांत एखाद्याला येणारच.”

“मंग त्याला सोताला कसं कळंल, की आपन एखादाच हाव का जादूगार हाव?”

मुलांना वाटलं, ते त्यांना विचारताहेत.

* * *

तेराव्यानंतर नितीन मला भेटायला आला. या वेळी लॅबमध्ये न येता खालीच थांबला. शेताचे कागद आता त्याच्या आणि आईच्या नावावर व्हायचे होते. घेणारा थांबून होता.

“म्याडम, त्या टेस्टचं काय झालं? बाबा कधी बोलले नाय. मीबी विचारलं नाय.”

“झाली नाही,” मी म्हटलं.

तो थोडा वेळ गाडीच्या आरशावरची धूळ पुसत राहिला.

“मंग मी काय धरू?”

आमच्या विषयाचं उत्तर सरळ आहे. चाचणीच झाली नसेल तर काहीही धरता येत नाही. हे वाक्य मी हजार मुलांना सांगितलं असेल. नितीनला मी म्हटलं, विचार करून सांगते. तो बरं म्हणाला आणि गेला. त्यानंतर त्याचा दोनदा फोन येऊन गेला आहे.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा मी शोकसभेत सांगितला नाही.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. दोन्ही तांदूळ मी घरी आदल्या दिवशी शिजवून पाहिले, सकाळी सारख्याच दोन कुकरमध्ये, सारखंच पाणी घालून भात लावला आणि डबे घेऊन कॉलेजला गेले. माधुरी आता आमच्याच विभागात तासिकेवर शिकवते. शेजारच्या खोलीत तिनं आठ स्टीलच्या वाट्या भरल्या. चारमध्ये हिराजीभाऊंच्या शेताचा, चारमध्ये चुलतभावाच्या. प्रत्येक वाटीच्या बुडाला बाहेरून, भात कोणत्या शेताचा ते लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. वाट्या टेबलावर मांडल्या आणि ती तिच्या तासाला निघून गेली. कोणती वाटी कोणती, हे मलाही माहीत नव्हतं. असंच करायचं असतं.

हिराजीभाऊ धुतलेला सदरा घालून आले होते. मी कागद पुढे ठेवला. वरची ओळ रिकामी होती.

मी त्यांना गणित समजावून सांगितलं होतं. आठांतल्या चार निवडायच्या. नुसत्या अंदाजानं चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. तीन बरोबर आणि एक चुकीची, हे अंदाजानंही सत्तरात सोळा वेळा होतं. म्हणजे चारही आल्या तरच मानावं, असं माझं मत होतं. पण आकडा त्यांचा होता. तो त्यांनीच लिहायचा होता.

त्यांनी पेन उघडलं. बंद केलं.

“तीन लिवू?”

“तुम्हाला काय वाटतं ते लिहा.”

“तीन लिवले न् चार आल्या तर वाटंल, कशाला भ्यालो. चार लिवल्या न् तीन आल्या तर…” ते थांबले. वाट्यांतून वाफ यायची बंद झाली होती. “म्याडम, आपन सुरू करू. आकडा मागून लिवतो.”

“भाऊ, नाही,” मी म्हटलं. “आधी आकडा.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नाही. फूटपट्टी अडवली की पोरं त्यांच्याकडे पाहायची तसं, कदाचित. मग हसले.

“बरोबर हाय तुमचं.”

“सोमवारी लिहा. भात परत करता येईल.”

“हां. सोमवारी.”

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या वहीत ठेवली. मग म्हणाले, “अन्न हाय. टाकायचं नाय.” मी डब्यातली आमटी काढली. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि आठही वाट्यांतला एकेक घास बोटांनी उचलून तोंडात घातला. सावकाश. मध्ये एकदा पाणी प्यायले. एका वाटीपाशी परत गेले. मग चार वाट्या आपल्याकडे ओढल्या आणि चार माझ्याकडे सरकवल्या.

“ह्या तुमी खा.”

आम्ही जेवलो. त्यांच्या नातीच्या शाळेविषयी बोललो, माझ्या आईच्या गुडघ्याविषयी बोललो. त्यांनी त्यांच्या चारही वाट्या बोटानं पुसून खाल्ल्या. माझं संपल्यावर आठ वाट्या त्यांनी टेबलावर दोन रांगांत ठेवल्या, चार त्यांच्या, चार माझ्या. मग हात धुवायला बाहेर गेले.

ते परत येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. मी खिडकीपाशी उभी राहिले. ते आले, वाट्या गोळा करून नळाखाली नेल्या आणि घासून आणल्या. चिठ्ठ्या पाण्यात निघून गेल्या होत्या.

सोमवारी मला पेपर तपासायचे होते. त्यांनी विषय काढला नाही. जानेवारीतही नाही, जूनमध्ये लावणीसाठी रजा मागायला आले तेव्हाही नाही. मीही काढला नाही.

त्या तीन-चार मिनिटांत मी एकही वाटी उलटून पाहिली नाही.